हत्ती आडवा आला की

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीच्या डोळ्यात थेंब घालणाऱ्या नर्सचे कान त्यांच्या गप्पांकडेच होते.

“वहिनी, जंगल सफारीच्या आधीच मोतीबिंदू काढायची घाई कशाला? हत्ती एवढा थोरला, तो काय असा दिसणार नाही?”

“हत्तीसाठी कोण काढतंय, वन्सं! तिथली जीप आपली धाकटी चालवते.”

“ते अख्ख्या गल्लीला तोंडपाठ झालंय. पुढे बसवणार ना तुम्हाला?”

“छे! म्हणाली, पुढे वाटाड्या बसतो. आई असलीस तरी मागे.”

“आगाऊच आहे!”

“आहेच मुळी! हत्ती आडवा आला की गाडी बंद करून शांत बसून राहते म्हणे. घरात जिला क्षणभर दम निघत नव्हता, ती!”

“मग?”

“मग काय! तेव्हाचा तिचा चेहरा मला मागून, गाडीच्या आरशात, लख्ख दिसला पाहिजे.”