शिंपल्याची उजळ बाजू

मंडळी, एक विचारतो. देवळात येताना आपण सदरा झटकतो, पदर नीट करतो — कुणासाठी? देवासाठी? का शेजारच्यासाठी? हसू नका! ऐका.

समुद्रकाठी एक गाव. तिथं सगुणाकाकी. तिचा मुलगा दामू परदेशी बोटीवर खलाशी. एका खेपेला त्यानं शिंपला आणला — कानाच्या आकाराचा, कडेला भोकांची रांग! बोटीवर बसून, पाण्यात भिजवून, त्यानं तो आतून घासला. काय उजळला! निळा, हिरवा, मधेच गुलाबी — समुद्रानं झोपेत पाहिलेलं स्वप्नच जणू. पाठ मात्र खडबडीत राहिली. म्हणाला, "आये, ह्यो देवीच्या मखराक. पाठ पुढच्या खेपेक घासतंय."

पुढची खेप आली... दामू आला नाही.

जत्रा जवळ आली. काकी शिंपला घेऊन मखर करणाऱ्या आत्माराम मेस्त्रीकडे गेली. त्यानं पॉलिशचा कागद उचलला, तशी ओरडली, "पाठ घासू नको! ती दामूच येवन घासतलो. उजळ बाजू देवीकडे कर."

"काकी, मग लोकांक काय दिसतला? खरबरीत पाठ? माझी अब्रू जायत!"

"अब्रू तुझी, शिंपलो माझो!"

मेस्त्री 'बरं' म्हणाला — आणि बसवताना उजळ बाजू लोकांकडे केली! आपणही तेच केलं असतं. हो की नाही?

आरती सुरू झाली. लोक "वा! वा!" करतायत. कुणाला? शिंपल्याला! एकजण तर त्यात बघून भांग पाडतोय! देवीकडे कुणाचं लक्ष नाही. काकी गर्दीतून पुढं आली. ओरडली नाही हो. हळूच म्हणाली, "आत्मारामा, माझ्या झिलान ह्यो कोणाक दिल्लो?"

टाळ थांबले. मेस्त्रीची मान खाली गेली. त्यानं मखराचे खिळे सैल केले, शिंपला फिरवला. आता लोकांसमोर नुसती खडबडीत पाठ, राखेच्या रंगाची.

निरांजन पुन्हा वर गेलं. आणि मंडळी — देवीच्या काळ्या दगडी गालावर निळं-हिरवं पाणी हललं! ज्योत हलेल तसं हललं. जणू देवी समुद्राच्या तळाशी बसलीय, आणि वरून कुणाची तरी बोट हळूहळू जातेय...

काकीनं हात जोडले. म्हणाली, "पोचलो माझो दामू."

आता घरी जाल. कुणी बघत नसेल, दिवा मालवायचा असेल, तेव्हा जरा स्वतःला विचारा — माझी घासलेली बाजू कुणाकडे आहे? आणि ती जगाकडेच असेल, तर बाबांनो, अजून आरती संपलेली नाही. खिळे सैल करा. फिरवा!