वेळेवर पाहू म्हनलं अन् जिन गायब

...अन् वरून अब्रारभाऊ मलेच म्हणते, 'खेम्या, कम्प्युटरले हात नको लावू!' अरे पण तो दरवाजा कोनामुळं वाचला? तुमीच सांगा!

तुमाले सांगतो, वणीत भाऊचं बांधकामाचे नकाशे काढाचं दुकान हाय, मी तिथला पोऱ्या. कम्प्युटरवर नकाशासाठी लिस्प नावाची कोडाची भाषा चालते. कापसाचं असं मातेरं झालं का रुई काढाच्या फॅक्टऱ्या, म्हंजे आमच्या जिना, बंद पडून राह्यल्या, या साली नवी बांधणारा एकटा बबनराव. तो गेला का दुकानाचं शटर खाली!

आता लिस्पमधी कसं, भिंत असो का दरवाजा, हरेक चिजेले गुण असते. रंग हाय, दिसणं हाय. भाऊ म्हणे, 'गुणाचं नाव कोडातच पक्कं बांधाचं. अर्ली बाइंडिंग. गाडी घरून निघाच्या आधीच भाव ठरला!' मी म्हनलं, काहून? लेट करा ना! नाव डब्बीत ठेवा, चालवतानी डब्बीत जे सापडन तो गुण. वेळेवर पाहू!

भाऊची एक कमांड होती, छापाच्या आधी सगळ्या नकाशाले काळा रंग देणारी. मी त्याच्यातला 'रंग' काढला, डब्बी बसवली, अन् डब्बीत टाकलं 'दिसणं', किंमत 'नाही'. भाऊची जराशी गंमत! तं नेमका दारात बबनराव, संग त्याची बायको विमलताई. 'छाप बे लवकर, नाही त यवतमाळले जातो!' भाऊनं कमांड दाबली...

गेली! भिंती गेल्या, छप्पर गेलं, अख्खी जिन गायब!

'अब्रार, माही जिन कुठी हाय?'

भाऊनं माह्याकडं पाह्यलं. 'या अल्ला... खेम्या?' मी म्हनलं, थांबा, वेळेवर पाहू! भाऊले ढकललं, किंमत 'हो' केली, दाबलं...

आली! भिंती आल्या, छप्पर आलं, अन्... मांगच्या भिंतीले एक दरवाजाही आला! बबनराव खवळला, 'हा त मी काढाले सांगतला होता! खर्च कोन करन?' भाऊचं मनच झालं नव्हतं हो पुसाचं, नुसता लपवून ठेवलता! आता कमांडले काय मालूम, कोनतं मी लपवलं अन् कोनतं भाऊनं? ते सगळ्यायलेच म्हणते, दिस!

बबनराव उठला. गेलं दुकान! तं विमलताई कडाडली, 'बसा खाली! रुईले आग लागली त कामावरच्या बाया कुठून पळतीन? तवा बी वेळेवर पाहू म्हणान काय?'

बसला ना गुपचूप! नकाशा छापला, दरवाजासकट.

अन् भाऊनं काय केलं? कमांडमधी रंग परत पक्का बांधला, अन् माही बी बाइंडिंग करून टाकली... अर्ली! आल्याबरोबर झाडू, मंग चहा. मी म्हनलं, 'भाऊ, अन् कम्प्युटर?'

तं म्हणते, 'वेळेवर पाहू!'