गोळी कुठवर पोचते

लाखांदूरच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर दोघी बहिणी होत्या. धाकटीला सातवा महिना असावा.

“ताई, नागपूरच्या लॅबमधी तू औषधं नळीतून सोडून पाहते ना?”

“हो. नळीत चरबीसारखा थर असते. त्याले औषध किती चिकटते, त्यावरून ते शरीरात किती झिरपन, याचा अंदाज घेतो आमी.”

“माही मिरगीची गोळी?”

“ते तं चांगली चिकटते.”

“म्हणजे लेकराले पोचते?”

“थोडी पोचते. पण डॉक्टरनं समजूनच देली ना तुले? काहून विचारून राहिली, भावना?”

“दिवाळीत तू बाबाले हेच सांगून राहिली होती. मी आयकलं.”

“मंग?”

“तवापासून घेतलीच नाई.”

“अवो माय! अन् आज इतक्या घाईनं दवाखान्यात कायले आणलं मले?”

“सकाळी मोरीत झटका आला, ताई. तवापासून लेकरू हाललं नाई.”