मातीला ये

त्या दिवशी शाळेतून येऊन मी चहाला बसलो होतो, एवढ्यात वळसंगहून दादांचा गडी शिद्धप्पा आला. दारातूनच म्हणाला, "मास्तर, मातीला चला."

आता तुम्हाला माझ्या थोरल्या भावाचं खूळ सांगायला हवं. दादांनी मळ्यात बिनपाण्याचा संडास बांधला होता. दोन खड्डे, एक भरला की तो वर्षभर झाकायचा आणि दुसरा वापरायचा. दर वेळी वर ओंजळभर राख आणि कोरडी माती. "विहिरीला प्यायला पाणी नाही, ते घाणीवर कशाला ओतता? वर्षात नुसती काळी माती होते, पिकाला सोनं!" हे त्यांचं पालुपद. पाहुणा तांब्या घेऊन निघाला की हे मागून ओरडत, "पाणी बाजूच्या चरात सोडा, केळीला जातं! खड्ड्यात थेंब नको!" पाहुणा अर्ध्या वाटेवरून परत फिरे.

पहिला खड्डा उघडायची वेळ आली, तसा येईल त्याच्याबरोबर मला निरोप: "मातीला ये." आमच्याकडे मयताला जाण्यालाही मातीला जाणंच म्हणतात. वहिनी चिडायच्या, "असं अभद्र बोलू नका की!" दादा हसायचे.

म्हणून मी वैतागून म्हणालो, "दादांना सांग, रविवारी येतो. त्या खड्ड्याशिवाय दुसरं काही सुचतं का त्यांना?"

शिद्धप्पानं डोक्याचा पटका काढला. "रविवारपत्तुर कसं ठिवायचं, मास्तर? दादांचीच माती हाय."

तो खड्डा अजून कोणी उघडलेला नाही.