काळ्या रुमालाची बायको

(जळगाव. भूपेंद्र डाळ मिलमधून जेवायला घरी आलाय. बायको दिपमाला ताट वाढत नाहीये. आई, पुष्पाबाई, पाळण्याची दोरी धरून बसल्यात. पाळण्यात चार महिन्यांची मुलगी झोपलीय.)

दिपमाला : आणि मग ते मला म्हणाले, "तुम्ही भूपेंद्रभाऊंच्या बहीण का?"

भूपेंद्र : कोण म्हणालं?

दिपमाला : जीवराम पाटील. धुळ्याहून आले होते. पांढरी टोपी, हातात पिशवी. बसा म्हटलं तर बसेनात. मयताच्या घरी दारावर येतात ना माणसं, तसे उंबऱ्यातच उभे. म्हणाले, "यायला उशीर झाला, पण वहिनी गेल्याचं वाचलं तेव्हापासून मन लागत नव्हतं."

भूपेंद्र : त्यांना पत्ता कोणी दिला?

दिपमाला : पत्त्याचं पडलंय तुम्हाला?

पुष्पाबाई : कोनी वहिनी गयी?

दिपमाला : मी, आई. मी गेले.

पुष्पाबाई : काही बी बोलस! सकायपाईन डोकं फिरी गयं का तुनं?

भूपेंद्र : आई, गोष्टीतलं आहे ते. मी मोबाईलवर लिहितो ना, काळ्या रुमालाचं.

पुष्पाबाई : तो डोयावर रुमाल बांधीसन चोर धरस, तो?

भूपेंद्र : तोच. रुमाल बांधला की समोरच्याच्या मनातलं दिसतं त्याला. मूळ पुस्तकं कधीच बंद पडली, पुढचे भाग आम्ही चाहतेच लिहितो. माझ्या गोष्टीत त्याची शक्ती गेली होती. खुनी समोरून जायचा आणि याला काही दिसायचं नाही. शक्ती परत यायची तर तसाच काहीतरी जबरदस्त आघात...

दिपमाला : म्हणून बायको मारली. बाळंतपणात. नाव दीपा. मनगटावर तव्याचा डाग. हा बघा, आई, हाच डाग.

भूपेंद्र : कल्पना असते गं ती.

दिपमाला : मग शेवटी काय लिहिलंय? जीवरामभाऊंनी त्यांच्या मोबाईलवर दाखवलं मला. "हे मी कल्पनेतून लिहिलेलं नाही, माझ्या घरातून लिहिलंय."

भूपेंद्र : लेखक लिहितात असं. भरात.

दिपमाला : त्याखाली लोकांनी श्रद्धांजली वाहिलीय मला. शिरपूरच्या एका बाईंनी सल्ला दिलाय, "लेकीकडे बघा, दुसऱ्या लग्नाची घाई करू नका." तुम्ही त्यांना हात जोडलेत.

पुष्पाबाई : दुसरं लगीन?

भूपेंद्र : आई, तू थांब जरा.

दिपमाला : लिहिलंत कधी?

भूपेंद्र : तू दवाखान्यात होतीस तेव्हा.

दिपमाला : तारीख बघितलीय मी. पाचवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टाकलंय.

भूपेंद्र : आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवलं होतं. फोन मोकळा ठेवला होता मी. दवाखान्यातून कधी येईल सांगता येत नव्हतं.

दिपमाला : कुठल्या कागदावर?

भूपेंद्र : कुठल्या म्हणजे? कागद तो कागद.

पुष्पाबाई : दीपू, जेवन थंडं व्हई राह्यनं.

दिपमाला : आई, मी तुम्हाला कितीदा विचारलं असेल. पाचवीला पाटावर सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवला होता ना? सकाळी तो तसाच होता ना? दर वेळी तुम्ही "हो" म्हणालात. मी एम.एस्सी. केलंय, सटवाई येऊन काही लिहीत नाही हे मला कळतं. तरी रात्री उठून हिच्या नाकाशी बोट धरते. श्वास लागला बोटाला की स्वतःलाच सांगते, कागद कोरा होता, आता झोप.

पुष्पाबाई : सकायले पाटवर कागद नव्हता, माय. पेन बी नव्हता. मी दुसरा ठेवा. तुले कसाले सांगू? तू तठे सलाईनवर पडेल.

भूपेंद्र : घरात दुसरा कागदच सापडेना. पाटावर होता, तो उचलला.

दिपमाला : बाळाचं नशीब लिहायच्या कागदावर तू तिच्या आईचं मरण लिहिलंस?

पुष्पाबाई : नवराले "तू" म्हनस?

दिपमाला : मेलेल्या बाईला चालतं, आई.

भूपेंद्र : ऐक ना माझं. त्या दिवशी डॉक्टरांनी माझी सही घेतली. कशावर घेतली तेसुद्धा वाचलं नाही मी. घरी आलो तर ही रडतेय, आई हिला चमच्याने दूध पाजतेय, आणि समोर तो पाट मांडलेला. मला वाटलं, आज या कागदावर काहीतरी लिहिलं जाणारच. मग ते दीपाच्या नावावर जाऊ दे. तिला नेलं की तुला सोडतील.

दिपमाला : खरं सांगतोयस?

भूपेंद्र : हिची शप्पथ. लिहून झाल्यावर पाटाला डोकं टेकवलं मी.

दिपमाला : हे तेव्हाच सांगितलं असतंस तर तुझ्या गळ्यात पडून रडले असते मी.

भूपेंद्र : मग झालं तर!

दिपमाला : काय झालं? मी घरी आले ना? याच उंबऱ्यावर आईंनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला. मग दीपाला का नाही परत आणलंस? तुमच्या गोष्टींत दरीत पडलेली माणसं पुढच्या भागात चहा पीत बसलेली असतात. तिलाच तेवढं जमत नव्हतं?

भूपेंद्र : तोवर वाचक वाढले होते गं. रोज कोणीतरी विचारायचं, भाऊ, जेवलात का? झोप लागली का? इकडे आई बाळात, तू बाळात. मला कोण विचारत होतं?

दिपमाला : मी गेले म्हणून लोक तुला "जेवलात का" विचारायचे. आणि तुला वाढत मी होते. चार महिने शेजारी झोपतोयस. रात्रीत कितीदा उठते मी, ते कधी दिसलं तुला? बांधायचा होतास की रुमाल.

पुष्पाबाई : आन पोरना आंगवर हाई नवं दुपटं कोनं शे?

दिपमाला : जीवरामभाऊंच्या बायकोने शिवलंय. जुन्या साड्यांचं. बिनआईच्या लेकराला ऊब हवी म्हणून.

पुष्पाबाई : अरे देवा! काढ, काढ ते आंगवरथून!

दिपमाला : राहू द्या, आई. त्या बाईचं काय चुकलं? चांगला टाका घातलाय. भूपेंद्र, मोबाईल काढ.

भूपेंद्र : आता?

दिपमाला : माझ्यासमोर लिही. "माझी बायको जिवंत आहे." एवढंच.

भूपेंद्र : असं एकदम कसं लिहू? लोक म्हणतील, फसवलं आम्हाला. जीवरामभाऊ तर थेट घरी येऊन गेलेत. दोन दिवस दे मला. नीट मांडतो.

पुष्पाबाई : लिही ना रे बाबा! जित्ती बाईले जित्ती म्हनाले दोन दिन लागतस का?

भूपेंद्र : लिहितो, लिहितो. हे बघ, उघडलं. "मित्रहो, आज जड अंतःकरणाने..."

दिपमाला : जड?

भूपेंद्र : बरं, खोडलं. दीपू, एक सांग. जीवरामभाऊंनी विचारलं ना, बहीण का म्हणून? तेव्हा तू काय सांगितलंस?

दिपमाला : कशाला हवंय?

भूपेंद्र : ते कळलं की त्या हिशोबाने लिहिता येईल.

दिपमाला : "हो" म्हटलं.

भूपेंद्र : "हो" म्हणालीस?

दिपमाला : रडत होता रे तो माणूस. "हो" म्हटलं. वहिनी फार चांगली होती, असंही म्हटलं.