आग्र्याले गिनती बरोबर निघाली

मायले ताजमहाल दाखवाले नेलं अन् मीच काही शिकून आलो, आयका. सिहोऱ्याचे आम्ही वीस जण होतो. सकाळी दिल्लीवरून रेल्वेनं आग्र्याले जायचं, संध्याकाळच्या गाडीनं वापस. गाइडनं साऱ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या चढवल्या. माणूस हुशार होता, पण त्याच्या पायाले भिंगरी होती. आम्ही त्याच्या मागं धावूनच राहिलो होतो.

ताज पाहून झाल्यावर फाटकापाशी त्यानं टोप्या मोजल्या. "वीस. बराबर. चलो!"

स्टेशनवर मी मागं उभ्या असलेल्या मायले म्हणलं, "च्या पितेस काय?"

पिवळी टोपीवाली बाई वळली, तं ती माझी माय नव्हती! ती तेलुगूत काहीतरी बोलली अन् रडाले लागली. मायजवळ फोन नव्हता अन् गाडीले पंधरा मिनिटं होती.

मी बाहेर पळणार, तेवढ्यात पिवळ्या टोप्यांची दुसरी टोळी आत आली. मधात माझी माय, आरामात पेठा खात. इकडची बाई आपल्या पोराले पाहून त्याच्या गळ्यातच पडली.

मी मायवर ओरडलो, "टोळी चुकली, हे तुले समजलं नाही काय?"

"चुकली नाही, मीच गेली. त्यांचीबी हेच गाडी होती, विचारूनच गेली."

"पण काहून?"

"त्यांचा गाइड हळू चालत होता, बाबू. तुमच्यासंगं मी ताज नाही, नुसती तुझी पाठ पाहून राहिली होती."