चिमटा आणि सोळा फोडी

दवाखान्याच्या बाकावर घड्याळं दुरुस्त करणारे काका, काकू आणि एक उघडा डबा होता. खिडकीतल्या नर्सने बसल्या बसल्या मोजलं: संत्र्याच्या फोडी सोळा, पांढरा धागा एकही नाही.

“रोज दोन संत्री खातो, तरी पाच दिवस पोट जागचं हलत नाही. आज डॉक्टर एनिमा दिल्याशिवाय सोडत नाहीत बघ.”

“देऊ देत. संत्र्याचे धागे चिमट्याने कोण काढतं हो?”

“चाळीस वर्षांची सवय आहे. कचरा दिसला की हात शिवशिवतात.”

“कचरा? नात घसा कोरडा करून सांगते, आजोबा, पोटातले जिवाणू त्या धाग्यांवरच जगतात.”

“म्हणजे मी माझ्याच कामगारांना उपाशी ठेवलं?”

“आणि वर विचारता, संप का केला!”

“उद्यापासून धाग्यांसकट खातो. पण एनिमा नको म्हणून तूच सांग डॉक्टरांना.”

“आधी तो चिमटा इकडे द्या.”

डॉक्टरांनी तीन दिवसांची मुदत दिली. चौथ्या दिवशी काका खिडकीशी आले, तेव्हा नर्सने कार्डावर लिहिलं: संत्री सहा, धाग्यांसकट. पोट साफ, दोन वेळा.